निजानीज झाल्यावरचं गाणं

जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, दुधाला विरजण लावलं, मुलं झोपली. घड्याळात साडेदहा वाजले. मैत्रिणींनो, दिवसभरात तुम्हाला कुणी हाक मारीत नाही अशी ही पहिलीच वेळ. या अर्ध्या तासाचं तुम्ही काय करता? पुष्कळजणी म्हणतील, “काय करायचं? उद्याची मेथी निवडून ठेवते!”

आज मेथी राहू द्या. त्याऐवजी रात्रीचं गाणं ऐका.

युरोपात रात्रीवर बेतलेल्या शांत रचनेला ‘नॉक्टर्न’ म्हणतात, इटलीत ‘नोत्तूर्नो’. ओत्तोरिनो रेस्पीगी या इटालियन संगीतकाराची ‘रोमचे पाइनवृक्ष’ ही रचना १९२४ साली रोममध्ये प्रथम वाजली. तिचा तिसरा भाग अशीच एक रात्र आहे. टेकडीवर पाइनची झाडं आणि वर पौर्णिमेचा चंद्र. आधी पियानोवरून सुरांची एक सर ओघळते. मग क्लॅरिनेट एकटीच, झोपेत बोलावं तशी गाऊ लागते. वरातीच्या बँडमध्ये कान किटवणारी ती हीच, यावर विश्वास बसत नाही! मागे व्हायोलिनं अगदी दबक्या आवाजात असतात. शेवटी नाइटिंगेल पक्षी गातो, आणि तो खराखुरा! त्याच्या गाण्याची तबकडी वाद्यवृंदात ग्रामोफोनवर लावावी, असं रेस्पीगीनं लिहूनच ठेवलं होतं.

तुम्ही म्हणाल, रोम कुठे आणि आपलं जळगाव-धुळं कुठे! पण उन्हाळ्यात धाब्यावर अंथरूण घालून चांदणं पाहिलेल्या खानदेशी बाईला ही रात्र परकी वाटायची नाही. शिवाय आपल्याकडे तर प्रहराप्रहराचे राग ठरलेले आहेत. नऊ ते बारा बिहाग आणि बागेश्री, मध्यरात्रीनंतर मालकंस. मालकंसात रिषभ आणि पंचम नाहीत. पाचच स्वर, पण सावकाश गायला की घर कसं गंभीर होऊन जातं! बालगंधर्वांना लहानपणी गाण्याचे पहिले धडे मिळाले ते जळगावातच, मेहबूबखाँ यांच्याकडे.

आपल्या बायकाही रात्री गातातच की. श्रावणात कानबाई बसते तेव्हा जागरण होतं, गाणी होतात, फुगड्या होतात. पण ते चारचौघींचं गाणं. वर्षातून एक रात्र येतं नि जातं. उरलेल्या रात्रींचं काय? लग्नाआधी पेटी शिकलेल्या, शाळेच्या संमेलनात गायलेल्या आपल्यात कितीतरी आहेत. संसारात ते कधी सुटलं, हेसुद्धा आता आठवत नाही. कुणी ‘गाऊ नको’ म्हटलेलं नसतं. वेळच उरलेला नसतो.

म्हणून एवढंच करा. दिवा मालवा, मोबाइलचा आवाज बारीक ठेवा आणि आठ दिवस रोज एकच राग ऐका, बिहाग म्हणा किंवा बागेश्री. हातात काही काम घेऊ नका. पहिले दोन दिवस डुलकी लागेल, लागू द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी गायक कुठे वळणार, हे तुम्हाला आधीच कळेल आणि नकळत तुम्ही गुणगुणू लागाल.

आणि हो, सासूबाई जाग्या असल्या तर त्यांनाही बोलवा. कुणी सांगावं, त्यांचंही एखादं गाणं राहून गेलं असेल!