पडदा काळा का राहतो?

एके काळी बंदर म्हणून गाजलेले सुरत शहर आज कापड आणि हिरे या दोन धंद्यांसाठी प्रसिद्ध आहे. खानदेशातून येऊन उधना, लिंबायत या भागांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही येथे पुष्कळ. यंत्रमागावरच्या साडीची नक्षी आता संगणकावर रेखाटली जाते. लॅपटॉपच्या लहान पडद्यावर पदराचा सारा विस्तार मावत नाही, म्हणून शेजारी मोठा मॉनिटर जोडतात. व्यापारी समोर बसलेला असावा आणि नेमकी त्याच वेळी मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरे उमटावीत, हा प्रसंग कारागिराची परीक्षा पाहणारा खराच! मॉनिटर बिघडला असे समजून तो दुरुस्तीला नेला जातो. दोष मात्र पुष्कळदा हातभर वायरीत असतो.

वास्तविक ‘नो सिग्नल’ हे शुभचिन्ह मानावे. वीज पोहोचली आहे आणि मॉनिटर शुद्धीवर आहे, असा त्याचा अर्थ. दिवाच लागत नसेल, तर विजेची वायर व बटण पाहावे. दिवा असेल, तर मॉनिटरच्या यादीतून योग्य मार्ग निवडला आहे काय, ते तपासावे. वायर एचडीएमआयची आणि निवड डिस्प्लेपोर्टची असली, तर चित्र येणार कसे?

वायर जोडताच लॅपटॉप मॉनिटरला त्याची ओळख विचारतो. मॉनिटर आपला आकार, सूक्ष्मता व गती सांगणारी एक ओळखपत्रिका पाठवितो. तिचा मूळ भाग अवघा १२८ बाइटांचा असतो. तिला ईडीआयडी म्हणतात. हा संवाद अर्धवट राहिला, तर चित्र बहुधा येत नाही किंवा वेडेवाकडे येते. म्हणून दोन्ही यंत्रे बंद करून, मॉनिटरची वीज मिनिटभर काढून, वायर दोन्ही टोकांना घट्ट बसवावी व पुन्हा आरंभ करावा. विंडोज असल्यास विंडोजचे बटण दाबून धरून ‘पी’ दाबावे; चित्र दोन्ही पडद्यांवर दाखविण्याचा पर्याय तेथे मिळतो.

तरीही यश न आल्यास वायर बदलून पाहावी. यूएसबी-सीचे प्रत्येक छिद्र चित्र वाहून नेत नाही; काही केवळ वीज व माहितीपुरतीच असतात. तसेच डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी साधी वायर उलट्या दिशेने चालत नाही. जुन्या एचडीएमआय १.४ जोडणीवर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच उमटते. पडदा लुकलुकत असेल, तर सूक्ष्मता वा गती कमी करून पाहावी.

चित्र आले म्हणजे काम संपले असेही नाही. एचडीएमआयवर रंगांची मर्यादित श्रेणी निवडली गेल्यास काळा रंग राखाडी भासतो. तो पडदा प्रमाण मानून कारागीर छटा गडद करतो, आणि छापून आलेले कापड भलतेच निघते. तेथे झालेले नुकसान वायरीच्या किमतीहून कितीतरी मोठे असते.

कुशल वैद्य एका वेळी एकच औषध देऊन गुण पाहतो. येथेही एका वेळी एकच बदल करावा. म्हणजे दोष नेमका कोठे होता, हे कळते आणि पुढच्या खेपेस दुकानाची पायरी चढावी लागत नाही.