कॉपी केलं मराठी, पेस्ट झालं भलतंच! असं का होतं?

पावसाळा आला की शिरोळ तालुक्यातले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पाण्याच्या बातम्यांनी भरून जातात. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम इथलाच, नृसिंहवाडीचा. नद्या फुगल्या की कुठला रस्ता बंद झाला, जनावरं कधी हलवायची, हे सगळं मोबाईलवरच कळतं. २०१९ चा महापूर ज्यांनी बघितलाय, ते असा मेसेज न वाचता पुढे जात नाहीत.

आता समजा, अशीच एक सूचना एखाद्या डीटीपी सेंटरवर टाइप झाली. स्क्रीनवर मराठी एकदम व्यवस्थित दिसतंय. ऑपरेटरने कंट्रोल सी दाबलं, व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून कंट्रोल व्ही दाबलं आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी आली. मग स्क्रीनचा फोटो काढून तोच ग्रुपवर टाकला जातो.

पण फोटोतला मजकूर ग्रुपवर शोधून सापडत नाही. अंध व्यक्तीच्या मोबाईलला तो मजकुरासारखा सरळ वाचून दाखवता येत नाही. त्यातली तारीख बदलून पुढे पाठवायची म्हटलं तर सगळं परत टाइप करावं लागतं.

मग चूक कुठे होते? त्यासाठी कॉपी केल्यावर आत काय घडतं ते बघूया.

कॉपी एकच, रूपं अनेक

आपल्याला वाटतं, कॉपी केलं म्हणजे मजकूर उचलून क्लिपबोर्डवर ठेवला. प्रत्यक्षात वर्डसारखं सॉफ्टवेअर एकाच मजकुराची अनेक रूपं देऊ करतं. साधा मजकूर हे एक रूप. फॉन्ट, रंग, ठळकपणा सांभाळणारं आरटीएफ हे दुसरं. वेबपेजसाठीचं एचटीएमएल हे तिसरं. विंडोजमध्ये या रूपांना क्रमांकही असतात. जुन्या पद्धतीच्या साध्या मजकुराचा १, युनिकोड मजकुराचा १३.

पेस्ट करताना निवड समोरचं सॉफ्टवेअर करतं. वर्ड आरटीएफ किंवा एचटीएमएल उचलतो. नोटपॅड सहसा साधा मजकूर घेतो. व्हॉट्सअ‍ॅपलाही तुमचा फॉन्ट नको असतो, नुसती अक्षरं हवी असतात.

माउसने ओढून सोडणं, म्हणजे ड्रॅग अँड ड्रॉप, हेही याच पद्धतीने चालतं. तुम्ही फाइल ओढता तेव्हा विंडोज फाइलमधला मजकूर देत नाही, फाइल कुठे आहे त्याचा पत्ता देतं. म्हणून तीच फाइल फोल्डरवर सोडली तर तिथे जाऊन बसते आणि ईमेलवर सोडली तर अटॅच होते.

मग मराठीचं काय बिघडतं?

बिघाड तीन प्रकारचा असतो आणि स्क्रीनवर काय दिसतंय त्यावरून तो ओळखता येतो.

पहिला प्रकार, इंग्रजी अक्षरांची खिचडी. हा जुन्या फॉन्टचा खेळ. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या दृष्टीने मराठी नसतंच. ‘शिरोळ’ टाइप केलं की आत साठतं एफ, वरचा स्वल्पविराम, के, जे, के, एस, जी. फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. वर्डमधून वर्डमध्ये नेताना फॉन्टचं नावही सोबत जातं, म्हणून तिथे काही बिघडत नाही. साध्या मजकुरात मुखवटा गळून पडतो आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं.

दुसरा प्रकार, नुसती प्रश्नचिन्हं. इथे मूळ मजकूर युनिकोडमध्येच असतो, पण घेणारं सॉफ्टवेअर जुनं असतं आणि ते १ क्रमांकाचं रूप मागतं. विंडोजच्या त्या जुन्या सांकेतिक तक्त्यांमध्ये देवनागरीला जागाच नाही. म्हणून ‘शिरोळ’ची पाच प्रश्नचिन्हं होतात. त्यांतून मूळ अक्षरं परत मिळत नाहीत.

तिसरा प्रकार, डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा इंग्रजी ‘ए’ परत परत दिसणं. मजकूर यूटीएफ-८ पद्धतीने लिहिला गेलाय, पण वाचणारा तो पाश्चात्त्य भाषांच्या तक्त्याने वाचतोय, असा याचा अर्थ. मजकूर शाबूत असतो, वाचण्याची पद्धत चुकते.

प्रोग्रामर कुठे चुकतात?

युनिकोडमध्ये ‘शिरोळ’ म्हणजे पाच चिन्हं: श, ि, र, ो, ळ. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण १५.

विंडोजच्या क्लिपबोर्डवर एचटीएमएल ठेवताना मजकूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे आकड्यात लिहावं लागतं आणि हे आकडे बाइटमध्ये मोजायचे असतात. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो, त्यामुळे अक्षरं मोजली तरी गणित जुळतं. इंग्रजीत चाचणी झाली, पास झाली, सॉफ्टवेअर बाजारात आलं. मराठीत मात्र १५ च्या जागी ५ लिहिले जातात आणि ‘श’च्या पुढे मजकूर तुटतो.

म्हणून डेस्कटॉप अ‍ॅप बनवणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. कॉपी करताना युनिकोड मजकूर कायम द्यावा. आणि चाचणी मराठीतही करावी.

आपण काय करायचं?

सूचना पाठवण्याआधी ती नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. तिथे मराठी नीट दिसलं तर बहुतेक ठिकाणी दिसेल. तिथेच खिचडी झाली, तर मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे. फॉन्ट बदलून उपयोग नाही, कन्व्हर्टर वापरून तो युनिकोडमध्ये आणावा लागेल. त्यानंतर एकदा वाचून घ्या, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि आकडे चुकू शकतात. पुराच्या सूचनेत एक आकडा चुकला तरी महागात पडतं.

नवीन मजकूर थेट युनिकोडमध्येच टाइप करा. त्यात मराठी फॉन्टवर अवलंबून नसते, अक्षरांच्या संकेतातच असते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. आणि ब्राउझरमध्ये पेस्ट करताना रंग, फॉन्टचा पसारा नको असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबा. बहुतेक ब्राउझर मग फक्त साधा मजकूर घेतात.