दुभत्या गाईचा आहार, चयापचय व प्रजननक्षमता

संकरित गाय भरपूर दूध देते, परंतु व्याल्यानंतर वेळेवर गाभण राहत नाही, अशी तक्रार गोपालकांकडून वारंवार ऐकू येते. गाय पुनःपुन्हा उलटू लागली म्हणजे दोष बहुधा वळूच्या रेतास किंवा कृत्रिम रेतन करणाऱ्यास दिला जातो. गाईचा गर्भकाल सुमारे 280 दिवसांचा असतो. तेव्हा वर्षाकाठी एक वेत मिळावयाचे, तर व्याल्यापासून सुमारे 85 दिवसांच्या आत गर्भधारणा झाली पाहिजे. आणि याच अवधीत दुग्धोत्पादन पराकाष्ठेस पोचलेले असते. गर्भधारणेच्या या विलंबाचे एक प्रमुख मूळ व्याण्याच्या आगेमागे मिळणाऱ्या आहारात कसे असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ग्लुकोजची निकड

गाईने खाल्लेल्या कडब्यातील व हिरव्या चाऱ्यातील सेल्युलोजाचे रोमंथिकेत, म्हणजेच कोटीपोटात, सूक्ष्मजंतूंकडून किण्वन होते व त्यापासून मुख्यतः ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले निर्माण होतात. ॲसिटिक आम्ल दुधातील स्निग्धांशाच्या घडणीस उपयोगी पडते, तर प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज तयार करते. आतड्यातून थेट शोषले जाणारे ग्लुकोज अत्यल्प असल्याने गाईची भिस्त यकृतावरच असते. दुग्धशर्करेच्या निर्मितीस ग्लुकोज लागते आणि ही शर्करा तर्षणाने कासेत पाणी ओढून घेते. म्हणून दुधाचे आकारमान तिच्यावर अवलंबून असते. एक लिटर दुधामागे सुमारे 70 ग्रॅम ग्लुकोज खर्ची पडते. भरड धान्यातील स्टार्चामुळे प्रोपिऑनिक आम्ल वाढते खरे. परंतु धान्याचा अतिरेक व तंतुमय चाऱ्याची उणीव झाल्यास कोटीपोटातील आम्लता वाढून स्निग्धांश घटतो.

ऊर्जेचा जमाखर्च

उदाहरणादाखल 450 किलोग्रॅम वजनाची व दररोज 20 लिटर दूध देणारी गाय घेऊ. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2001 मध्ये दिलेल्या मानांनुसार तिच्या शरीरपोषणास सुमारे 8 मेगाकॅलरी व चार टक्के स्निग्धांशाच्या दुधास सुमारे 15 मेगाकॅलरी, अशी एकूण 23 मेगाकॅलरी निव्वळ ऊर्जा लागते. व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत तिने 12 किलोग्रॅम शुष्क पदार्थ खाल्ला व त्यातून प्रतिकिलो दीड मेगाकॅलरी लाभली, तर जमेस केवळ 18 मेगाकॅलरी पडतात. उरलेली तूट शरीरातील चरबी भागविते. दुधाचे शिखर सामान्यतः चौथ्या ते आठव्या आठवड्यात येते; खाण्याचे शिखर त्यानंतर काही आठवड्यांनी येते. त्यामुळे ही तूट काही अंशी अटळच असते.

तूट असूनही दूध चालू राहते, कारण व्याल्यानंतर शरीरातील सर्व पोषणव्यवहार कासेच्या सोयीने पुनर्रचित होतो. बॉमन व करी यांनी 1980 मध्ये या नियमनाचे सविस्तर विवेचन केले. चरबी मात्र यकृतात प्रमाणाबाहेर येऊ लागली, की तिचे पूर्ण ज्वलन होत नाही. काही चरबी यकृतातच साठते व काहींपासून कीटोन द्रव्ये बनतात. गाय खाणे कमी करते आणि तूट अधिकच वाढते. व्याण्यापूर्वी अतिशय लठ्ठ झालेल्या गाईंत हा धोका विशेष असतो.

अंडाशयावरील परिणाम

ऊर्जेची तूट असता रक्तातील इन्शुलिन घटते. यकृतात तयार होणारा इन्शुलिनसदृश वृद्धिघटकही कमी होतो व पोष ग्रंथीतून पीतपिंडकारी संप्रेरकाचे स्पंदन मंदावते. परिणामी पुटके पक्व होण्यास विलंब लागतो आणि गाय उशिरा माजावर येते. पुटकाची वाढ कित्येक आठवडे चालते. म्हणून तुटीच्या काळात वाढलेल्या पुटकातील अंड पुढे दोन-तीन महिन्यांनीही सदोष निघू शकते, अशी उपपत्ती ब्रिट यांनी 1992 मध्ये मांडली. ती ग्राह्य धरल्यास, माज न फळण्याचे कारण पूर्वीच्या खुराकात शोधावे लागेल.

प्रथिने व कॅल्शियम

ऊर्जा न वाढविता केवळ पेंड वाढविल्यास प्रश्न सुटत नाही. जादा प्रथिनांपासून कोटीपोटात अमोनिया सुटतो, यकृत त्याचे यूरियात रूपांतर करते व त्यात ऊर्जाही खर्च होते. रक्तरसातील यूरिया-नायट्रोजन प्रतिडेसिलिटर सुमारे 19 मिलिग्रॅमहून अधिक असता गर्भधारणेचे प्रमाण घटते, असे आढळले आहे.

कॅल्शियमची गोष्ट अशीच नाजूक आहे. गाईच्या रक्तरसात एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम कॅल्शियम असते, तर दहा लिटर चिकातून 20 ग्रॅमहून अधिक बाहेर पडते. ही झीज हाडांतून व आतड्यांतून वेळेवर भरून न आल्यास गर्भाशयाचे आकुंचन मंदावते, जार अडकून राहण्याचा व गर्भाशयदाहाचा संभव वाढतो. तथापि भाकड काळात कॅल्शियमचा भडिमार करणे योग्य नव्हे. त्यामुळे हाडांतून कॅल्शियम सोडविणारी यंत्रणा शिथिल राहते. पश्चिम महाराष्ट्रात विपुल असलेल्या उसाच्या वाढ्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. यास्तव दुभत्या गाईस केवळ वाढ्यांवर ठेवू नये.

उपसंहार

राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी व गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय विकसित केली. अशा वंशसुधारणेने दूध देण्याची क्षमता वाढते, पण तिच्याबरोबर गव्हाणीतील चारा आपोआप सुधारत नाही. व्याण्यापूर्वीच्या तीन आठवड्यांपासून खुराक क्रमाक्रमाने वाढवावा. पाच गुणांच्या शरीरस्थिती-मापनात गाय व्याताना तीन ते साडेतीन गुणांची असावी व पुढे तिची घट एका गुणाच्या आत राहावी. या दोन गोष्टी सांभाळल्यास गर्भधारणेतील पुष्कळ अडथळे टळतात. गाय उलटली असता अन्य उपचारांबरोबर तिच्या गेल्या तीन महिन्यांच्या आहाराचा हिशेब अवश्य तपासावा. भाकड दिवस लांबले, की त्यांचा भार अखेर लहान गोपालकाच्याच संसारावर पडतो.