कोजागिरीचा चंद्र आणि जपानचा ससा

पर्जन्याचे मेघ ओसरून आकाश निवळले, शेतातल्या ज्वारीने मान वर काढली आणि दारोदारी भुलाबाईच्या गाण्यांचे सूर घुमू लागले, की विदर्भातील घराघराला कोजागिरीची चाहूल लागते. भाद्रपद पौर्णिमेस माहेरी आलेली भुलाबाई महिनाभर लेकीबाळींकडून कौतुक करून घेते आणि आश्विन पौर्णिमेला तिचा निरोपसमारंभ होतो. ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा राहतो, घरातील ज्येष्ठ अपत्याचे औक्षण होते, लक्ष्मी व इंद्र यांचे पूजन होते आणि केशर, जायफळ, चारोळीने सुगंधित झालेले दूध गच्चीवर चांदण्यात आटू लागते. ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत लक्ष्मी मध्यरात्री संचार करते, अशी आपली श्रद्धा आहे. एरवी मुलांना लवकर निजण्याचा धाक घालणारी वडीलधारी मंडळी वर्षातून या एकाच रात्री त्यांना जागे राहण्याची आज्ञा करतात.

या जागरणाच्या घटका कशा घालवाव्यात, याविषयी आम्ही आज एक सूचना आमच्या वाचक कुटुंबांपुढे ठेवीत आहोत. या रात्री मुलांना एका परदेशाची ओळख करून द्यावी आणि तो देश जपान असावा.

सणाच्या दिवशी परदेश कशाला, असे काही वडीलधाऱ्यांना वाटणे स्वाभाविक आहे. बाहेरच्या देशांचे कौतुक वाढले की घरच्या देवधर्माचे प्रेम उणे होईल, ही धास्ती अनेक श्रद्धाळू घरांत असते. परंतु आज नागपुरातल्या कितीतरी घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी नि नोकरीसाठी समुद्रापार गेली आहेत. उद्या आपल्या नातवंडांना परक्या देशात शेजार करावा लागेल. त्या देशाची ओळख राजधानी, लोकसंख्या आणि मुख्य पिके एवढ्यावरच थांबली, तर परीक्षा संपताच ती पुसली जाते. घरच्या सणाचे बोट धरून मूल परदेशात गेले, तर तो देश त्याच्या ध्यानात राहतो आणि आपला सणही त्याला अधिक उमगतो, असे आमचे मत आहे.

खिरापतीसारखा देश ओळखावा

यासाठी नवी युक्ती शोधण्याचे कारण नाही. भुलाबाईची गाणी संपली की झाकलेला डबा वाजवून मुलांना खिरापत ओळखायला सांगतात. गोड की तिखट, ओली की कोरडी, अशी विचारणा होते, आणि ओळखता आली नाही तर गंमत अधिकच वाढते. त्याचप्रमाणे देशाचे नाव आधी सांगूच नये. एकेक खूण सांगत जावी.

पहिली खूण आकाराची. हा देश आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे सव्वापट आहे आणि त्याची लोकसंख्या बारा कोटींच्या आसपास आहे. दुसरी खूण पाण्याची. आपले नागपूर सर्वांत जवळच्या समुद्रापासूनही पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, तर या देशात कोठेही उभे राहिले तरी समुद्र दीडशे किलोमीटरांच्या आतच असतो. होन्शू, होक्काइदो, क्युशू आणि शिकोकू ही त्याची चार मोठी बेटे. तिसरी खूण डोंगराची. त्याचे सर्वोच्च शिखर ३,७७६ मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक आहे, आणि ते ज्वालामुखी आहे. चौथी खूण फळाची. तेथील लोक हिवाळ्यात संत्र्याच्याच कुळातले, हाताने सहज सोलता येणारे ‘मिकान’ नावाचे फळ आवडीने खातात. संत्र्याचे नाव निघाल्यावर नागपूरचे मूल कान टवकारील, यात शंका नाही.

पाचवी खूण वारांची. आपला सोमवार हा चंद्राचा वार आहे. त्या देशाच्या भाषेतही त्या वाराच्या नावात चंद्रच आहे. त्यांचा मंगळवार मंगळाचा, बुधवार बुधाचा, गुरुवार गुरूचा, शुक्रवार शुक्राचा आणि शनिवार शनीचा आहे. इतक्या खुणांनंतर कोणीतरी जपानचे नाव घेईलच.

संत्रे, दिवा आणि घड्याळ

नाव ओळखले की भूगोलाचा पाठ चंद्राच्याच साक्षीने द्यावा. एक संत्रे हाती घ्यावे, त्यावर नागपूर व टोकियो यांच्या जागी दोन लवंगा टोचाव्यात आणि निरांजनासमोर ते पश्चिमेकडून पूर्वेकडे हळूहळू फिरवावे. पूर्वेकडील लवंग आधी उजेडात येते आणि आधीच अंधारात जाते, हे मुलाला डोळ्यांनी दिसेल. नागपूर सुमारे ७९ पूर्व रेखांशावर आहे, टोकियो १४० च्या जवळ आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात, म्हणून टोकियोचा सूर्य आपल्यापेक्षा सुमारे चार तास आधी मावळतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. तेव्हा आपल्या गच्चीवर चंद्रबिंब डोकावते त्या वेळी टोकियोच्या मुलांनी ते डोक्यावर चढत गेलेले पाहिलेले असते.

एखादे चौकस मूल विचारील, मग घड्याळांतील अंतर साडेतीन तासांचेच का? त्याचे उत्तर असे, की सारा भारत मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर आपली घड्याळे लावतो आणि सारा जपान आकाशी नावाच्या शहरातून जाणाऱ्या १३५ अंशांच्या रेषेवर. या दोन रेषांतील अंतर साडेबावन्न अंश, म्हणजे बरोबर साडेतीन तास. आपण मध्यरात्री दुधाचा नैवेद्य दाखवतो तेव्हा टोकियोत पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात.

तेथेही चंद्राची पूजा

जपानी लोकही शरदाच्या चंद्राला वंदन करतात. त्या उत्सवाला ‘त्सुकिमी’, म्हणजे चंद्रदर्शन, म्हणतात. त्यांच्या जुन्या पंचांगातील आठव्या महिन्याच्या पंधराव्या रात्री तांदळाच्या पिठीचे गोळे करून चंद्रासमोर ठेवतात. तिथी पंधरावी, म्हणून गोळेही पंधरा. खाली नऊ, त्यावर चार आणि शिखरावर दोन, अशी त्यांची रास रचतात. जोडीला अळकुड्या असतात आणि फुलदाणीत ‘सुसुकी’ नावाच्या उंच गवताचे तुरे उभे करतात. भाताच्या लोंब्यांच्या जागी हे गवत ठेवतात, असे सांगितले जाते. भुलाबाईच्या मखराला ज्वारीची धांडे लावणाऱ्या आपल्या मुलींना या तुऱ्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पीक हाती येण्याच्या दिवसांत शेताची खूण देवापुढे ठेवावी, ही भावना दोन्हीकडे एकच आहे.

काही गावांत आणखी एक मौजेची प्रथा आहे. त्या रात्री मुलांनी शेजारच्या घरातील नैवेद्याचे गोळे हळूच पळवले, तर कोणी रागावत नाही. आपली खिरापत ओळखून मिळते, त्यांची पळवून मिळते, एवढाच फरक. हे दिवस तेथे वादळांचेही असतात आणि चंद्र पुष्कळदा मेघांआड जातो. त्या न दिसणाऱ्या चंद्रालाही जपानी भाषेत स्वतंत्र नावे आहेत. मेघांनी झाकलेल्या चंद्राला एक आणि पावसात लपलेल्या चंद्राला दुसरे. आपल्याकडेही एखाद्या कोजागिरीला आभाळ भरून येते. अशा वेळी हिरमुसलेल्या मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

तिथीचा हिशेबही मनोरंजक आहे. जपानने १८७३ साली पाश्चात्त्य कालगणना स्वीकारली, तरी हा उत्सव जुन्या चांद्र गणनेनेच होतो. त्यांची आठव्या महिन्याची पौर्णिमा बहुधा आपल्या भाद्रपद पौर्णिमेस, म्हणजे भुलाबाई बसते त्याच दिवशी, येते. पुढच्या महिन्यात तेराव्या रात्री ते पुन्हा चंद्र पाहतात. ती रात्र बहुधा आपल्या कोजागिरीच्या एक-दोन दिवस आधी असते. दोन्हींपैकी एकच चंद्र पाहणे जुन्या समजुतीप्रमाणे शुभ नसते. आपल्याप्रमाणेच त्यांच्या जुन्या गणनेतही अधिक महिना धरतात, पण तो नेहमी एकाच वर्षी येत नाही. २०२५ साली त्यांच्या गणनेत अधिक महिना आला, आपल्या पंचांगात नव्हता. म्हणून त्या वर्षी ६ ऑक्टोबरला आपली कोजागिरी आणि त्यांची त्सुकिमी एकाच रात्री आली.

इंद्राने रेखाटलेला ससा

आता दूध आटत आले असेल. मुलांना चंद्रावरचा डाग दाखवून त्यात काय दिसते ते विचारावे. आपल्या पूर्वजांना तेथे ससा दिसला, म्हणून चंद्राला शशांक, शशी, शशधर ही नावे पडली. जपानी मुलांनाही तेथे ससाच दिसतो. तो उखळात भात कांडून ‘मोची’ नावाचा पदार्थ करीत असतो, असे ती मानतात.

हा ससा तेथे पोहोचला कसा? जातककथेत सांगितले आहे, की इंद्र याचकाचे रूप घेऊन वनात आला. इतर प्राण्यांनी त्याला आपापले अन्न देऊ केले. सशाजवळ गवताखेरीज काही नव्हते. त्याने अग्नी पेटविण्यास सांगितले आणि अतिथीच्या तृप्तीसाठी स्वतःच त्यात उडी घेतली. अग्नी शीतल झाला आणि इंद्राने या त्यागाची खूण सर्वांना दिसावी म्हणून चंद्रावर सशाचे चित्र रेखाटले. बाराव्या शतकात जपानमध्ये सिद्ध झालेल्या ‘कोन्जाकु मोनोगातारिशू’ या कथासंग्रहात हीच कथा आहे. तेथील इंद्राचे नाव ‘ताइशाकुतेन’ असे आहे. कोजागिरीला आपण ज्या इंद्राचे पूजन करतो, तोच त्या कथेतही परीक्षा पाहण्यास आला आहे.

कोजागिरीची लक्ष्मीही जपानला परकी नाही. सहाव्या शतकात बौद्ध धर्म चीन व कोरियामार्गे तेथे गेला, त्याबरोबर आपल्या अनेक देवताही गेल्या. लक्ष्मी तेथे ‘किचिजोतेन’ झाली. नारा येथील याकुशीजी मंदिरात तिचे आठव्या शतकातील चित्र जतन केलेले आहे. सरस्वती ‘बेन्झाइतेन’ झाली आणि वीणेऐवजी ‘बिवा’ हे तंतुवाद्य तिच्या हाती आले. गणपतीला तेथे ‘कांगितेन’ म्हणतात, आणि टोकियोतील असाकुसा भागातल्या त्याच्या एका प्रसिद्ध मंदिरात भक्त मुळे वाहतात.

अभिमान आणि आदर

येथे मात्र आम्हांला एक सावधगिरीची सूचना कराविशी वाटते. हे सारे ऐकवताना ‘पाहा, त्यांचे सगळे आपलेच आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा. आपली लक्ष्मी विष्णुपत्नी आहे, तेथील किचिजोतेन बिशामोन्तेनची, म्हणजे कुबेराची, पत्नी मानली जाते. आपला गणपती घरोघरी मखरात बसतो, कांगितेनची मूर्ती बहुधा दाराआड असते आणि सर्वांना पाहावयास मिळत नाही. बीज येथून गेले असेल, पण त्याला माती नि पाणी जपानने घातले आणि तेथील लोकांनी बाराशे-चौदाशे वर्षे ते निगुतीने वाढवले. केवळ साम्य शिकलेले मूल परक्या देशातही स्वतःचेच प्रतिबिंब शोधत राहते. फरकही आदराने पाहण्यास शिकलेले मूल शेजाऱ्याच्या घरी पाहुण्यासारखे वागते. धर्माची शिकवण हीच आहे, असे आम्हांला वाटते.

शिवाय ही देवाणघेवाण एका बाजूची नाही. बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोहोचले, आणि नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन ७५२ साली त्यांच्या हस्ते झाले. त्यानंतर बाराशे वर्षांनी उलट दिशेने प्रवास घडला. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरई ससाई १९६० च्या दशकात भारतात आले आणि नागपूर हीच त्यांची कर्मभूमी झाली. कामठीचे ड्रॅगन पॅलेस टेम्पल जपानमधील ओगावा सोसायटीच्या साहाय्याने १९९९ साली उभे राहिले. कोजागिरीनंतरच्या एखाद्या रविवारी मुलांना तेथे न्यावे. पादत्राणे बाहेर काढून, शांतपणे बसून, तेथील रीत पाळून दर्शन घ्यावे. पुस्तकातील जपान तेथे त्यांना प्रत्यक्ष भेटेल.

आणि कोजागिरीच्या रात्री दुधाच्या नैवेद्याशेजारी एका ताटलीत तांदळाच्या पिठीचे पंधरा गोळे ठेवावेत. उकडीचे मोदक करणाऱ्या गृहिणींना ते मुळीच अवघड नाहीत. मुलांनीच ते वळावेत, मोजावेत आणि नऊ, चार, दोन अशी रास रचावी. नैवेद्यानंतर गुळाच्या पाकाबरोबर ते खावेत. नातवंडे दूरदेशी असतील, तर हीच गोष्ट त्यांना दूरध्वनीवरून सांगावी, कारण त्यांच्याही खिडकीत हाच चंद्र येणार आहे.

‘कोण जागे आहे?’ या प्रश्नाला आपण आजवर घरापुरते उत्तर देत आलो. पृथ्वीच्या पाठीवर आणखी कोण जागे आहे, कोणाच्या अंगणात हेच चांदणे पडले आहे आणि तेथील मुले त्यात काय पाहतात, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे. अतिथीसाठी स्वतःला अर्पण करणारा ससा ज्यांनी ओळखला, त्या बाळांच्या घरी लक्ष्मी प्रसन्न मुखाने येवो, अशी आमची प्रार्थना आहे.