पिंपळावरचा मुंजा, बांधावरचा मुंजोबा

भयकथाकार नारायण धारपांचं पुस्तक खान्देशातल्या आमच्या शिरपुरात कुणी विकत घेऊन वाचल्याचं मला आठवत नाही. ते वाचनालयातून यायचं. जाड पुठ्ठ्याची बांधणी, कोपरे झिजलेले, आणि शेवटच्या पानावर आधीच्या वाचकाची पेन्सिल: 'रात्री वाचू नये.' अर्थात ते वाचून आम्ही पुस्तक रात्रीच उघडायचो. धारपांची (१९२५–२००८) खरी समीक्षा या पेन्सिलींनीच केली. विद्वानांनी त्यांना ओसरीवरच बसवून ठेवलं.

मग 'तुंबाड' आला. राही अनिल बर्वे यांनी १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून धारपांची एक गोष्ट ऐकली. पहिला खर्डा १९९७चा, चित्रपट पडद्यावर आला २०१८ साली. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून घेतलेलं. सुरुवातीच्या भागातली साखळदंडातली म्हातारी मात्र धारपांच्या 'आजी' कथेच्या घरातली, आणि त्या आजीचं माहेर स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'त. 'लुचाई'सुद्धा किंगच्याच 'सेलम्स लॉट'वर बेतलेली. याला उसनवारी म्हणणारे म्हणोत. कंदिलाच्या उजेडात वाचताना ती भीती आम्हाला कधी परकी वाटली नाही. पहिल्या खेपेला बेताचाच चाललेला 'तुंबाड' सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. वाचनालयांत धारपांना पुन्हा मागणी आली असेल, तर त्यात नवल नाही.

पण या सगळ्या भयाच्या गोष्टींत पाऊस पडतो तो कोकणातच. २०२४चाच 'मुंज्या' हा चित्रपट पाहा, तोही कोकणातला. रत्नाकर मतकरींनी 'खेकडा'सारख्या कथांतून भय माणसाच्या मनात नेऊन ठेवलं, तरी ती माणसं बहुतेक शहरातली. तापी ओलांडून इकडे कुणी आलंच नाही.

आणि इकडचा हिशेबच वेगळा आहे. मुंज होऊन सोडमुंजीआधी मेलेला पोरगा पिंपळावर बसतो, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक. खान्देशानं त्याला बांधावर शेंदूर फासून मुंजोबा केलं. यावल तालुक्यातल्या अट्रावलला माघात मुंजोबाची यात्रा भरते, लोक नवस फेडायला जातात. ज्याला घाबरायचं त्याच्याकडेच पीकपाणी मागायचं, हा सौदा कुठल्याही भयकथेपेक्षा मला अधिक चमत्कारिक वाटतो.

डाकीण मात्र देव झाली नाही. शिरपूरच्या उत्तरेला सातपुडा सुरू होतो, आणि तिथल्या पाड्यांवर डाकीण म्हणजे पिंपळावरची सावली नव्हे. ती शेजारची बाई असते. बहुधा विधवा, कधी दोन-चार बिघे जमीन नावावर असलेली. कुणाचं लेकरू तापानं गेलं, कुणाची गाय आटली, की बोट तिच्याकडे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा अशा बाईला निदान पोलिसांत जाण्याची वाट मिळाली.

विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त (२०१७) उसाच्या फडातल्या भुतांपेक्षा मुलीचा गर्भ नको असलेली जिवंत माणसं भयंकर ठरतात. त्या वाटेनं मराठी भयकथेनं आणखी थोडं उत्तरेला यायला हवं होतं. मी वाचनालयात अजून शोधतो ती कथा डाकिणीला घाबरणाऱ्यांची नाही. डाकीण ठरवलेल्या बाईची आहे. अमावास्येची रात्र, आतून लावलेली कडी, दाराबाहेर पावलं. आणि फटीतून पाहिलं तर भूतबित कुणी नाही, कंदील घेतलेला सख्खा दीर उभा.