मका, कपाशी आणि दहावीची उजळणी

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या पिशोरात शाळा ओस पडते आणि शेतं भरतात. मका सोंगायचा असतो, कपाशी फुटलेली असते, मजूर दोनदा सांगूनही येत नाही. अशा वेळी घरातल्या शाळकरी पोरापोरींचा मोठा आधार वाटतो. आणि नेमके याच दिवसांत दहावीचे उजळणी वर्ग निघतात. कुठे शाळेतले सर आपली सुट्टी मोडून फुकट शिकवतात, कुठे भाड्याच्या खोलीत पैसे घेऊन ‘क्रॅश कोर्स’ चालतो. मुलाला शेतात न्यायचं की वर्गाला पाठवायचं, यावर घरोघरी वाद होतात.

मागच्या वर्षी तो वाद आमच्याच घरात झाला. पुतण्या आणि भाची दोघंही दहावीला, एकाच वर्गात. पुतण्याला तालुक्याच्या गावी वर्गाला घातलं, मका विकून आलेल्या पैशांतून फी भरली. भाचीला मात्र ‘मुलगी रोज एसटीने एकटी कशी जाणार’ म्हणून थांबवलं. ती कापूस वेचायला गेली. हा निर्णय घेणाऱ्यांत आम्हीही होतो, हे कबूल करायला हवं.

सुट्टी संपली तेव्हा पुतण्याकडे दोन जाड वह्या होत्या, अक्षर मोत्यासारखं. आम्ही वही मिटायला लावली आणि वर्गसमीकरणाचं साधं उदाहरण घातलं. ते सुटेना. ‘चाचू, सरांनी फळ्यावर केलं तेव्हा सगळं समजत होतं,’ तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. दुसऱ्याने सोडवलेलं उदाहरण पाहताना सगळ्यांनाच समजतं.

या फसगतीवर अभ्यास झालेला आहे. २००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. बोर्डाचा पेपर काही वर्ग संपल्यावर पाच मिनिटांनी नसतो.

खरं तर आपल्या समाजाला ही गोष्ट कोणी अमेरिकेतून सांगायला नको. हिफ्ज करणारं मूल रोज काय करतं ते आठवा. नवा सबक उस्तादांना पाठ म्हणून दाखवायचा, गेल्या काही दिवसांची सबकी ऐकवायची आणि शिवाय जुन्या पाऱ्यांची मंजिल. कुरआन समोर मिटलेलं, उस्तादांचं बोट चुकीवर. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते आणि तोच भाग काही दिवसांनी पुन्हा फिरून येतो. तीस पारे डोक्यात राहतात ते या फिरण्यामुळे. हाफिजाने शेवटच्या पंधरा दिवसांत सगळं उरकून घेतलं, असं आम्ही तरी ऐकलेलं नाही. मदरशात जी शिस्त आपण डोळे मिटून मान्य करतो, ती गणिताच्या बाबतीत का विसरतो कोण जाणे!

मग सुट्टीतले वर्ग बिनकामाचे का? तसं नाही. उजळायला आधी भांडं हवं, एवढंच. ज्याला समरूपता, त्रिकोणमिती वर्षभरात एकदा समजली आहे, त्याला पंधरा दिवस रोज पेपर सोडवायला लावले तर नक्की फरक पडतो. गणिताचे दोन भाग, प्रत्येकी ४० गुणांचे, त्यावर २० गुण अंतर्गत. पास व्हायला शंभरात ३५. काठावरच्या मुलाला इथे पाच-सात गुण म्हणजे सगळं काही. पण ज्याचा अपूर्णांकच सहावीपासून कच्चा आहे, त्याच्यापुढे वर्गसमीकरणांची उजळणी म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याला उजळणी नको, मागे जाऊन शिकवणं हवं. तेही सुट्टीत होऊ शकतं. २००८ च्या उन्हाळ्यात बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनी ‘प्रथम’ संस्थेच्या पद्धतीने महिनाभर शिबिरं घेतली होती. मुलं प्राथमिकची होती आणि शिकवणं इयत्तेप्रमाणे नव्हे, तर ज्याला जितकं येतं तिथून सुरू केलं होतं. त्या एका महिन्याचा फायदा पुढे तपासणीत दिसला.

दिवाळीच का, याला आपल्या घरांत आणखी एक कारण आहे. २०२४ ची दहावीची परीक्षा १ मार्चला सुरू झाली आणि १२ मार्चला रमजान लागला. २०२५ ला परीक्षा २१ फेब्रुवारीला, पहिला रोजा २ मार्चला. सहेरीला उठलेलं मूल तरावीहनंतर रात्री एक वाजेपर्यंत जागून नवा धडा वाचणार, ही अपेक्षाच चुकीची. जे करायचं ते डिसेंबरपर्यंत व्हायला हवं आणि रमजानमध्ये फक्त फजरनंतरचा तासभर फिरवाफिरव. त्या वेळी डोकं ताजं असतं, घरही शांत असतं.

पैशाबद्दल एक शब्द. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना पाठवलेल्या मार्गदर्शक सूचनांत १६ वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये घेऊ नये आणि गुणांची हमी देणाऱ्या जाहिराती करू नयेत, असं म्हटलं आहे. तरी ‘हमखास ९० टक्के’ची फलकं लागतातच. फी भरण्याआधी आम्ही आता एकच विचारतो: मुलाने सोडवलेला पेपर तपासून कोण देणार आणि किती दिवसांत? उत्तर आलं नाही तर मका घरातच राहू द्यावा.

निकालाचं सांगायचं तर पुतण्या गणितात जेमतेम निघाला. भाचीचे तीन गुण कमी पडले. पुतण्याचं तसं झालं असतं तर जुलैची पुरवणी परीक्षा होती, एटीकेटीवर अकरावीही होती आणि घरात कोणी आवाज चढवला नसता. भाचीच्या बाबतीत मात्र आठवड्याभरात स्थळाची चर्चा निघाली. तीन गुणांवरून! तिच्या अम्मीने, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीने, पहिल्यांदाच भावांसमोर ताठ उभं राहून सांगितलं, ‘आधी पुरवणीला बसेल. वर्गाला तिला पाठवलं नाही ते तुम्ही, नापास झाली म्हणून घरी बसवणारेही तुम्हीच?’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. भाची पुरवणीला बसली आणि निघाली. आता अकरावीत आहे.

या दिवाळीत आमच्या ओसरीवर सहा मुली बसतात. एसटीचा प्रश्न नाही, अंधार पडायचा प्रश्न नाही. सकाळी अकरापर्यंत कापूस, जोहरची नमाज झाली की असरपर्यंत गणित. गावातले एक निवृत्त गुरुजी येतात, चहाशिवाय काही घेत नाहीत. पहिला अर्धा तास वह्या बंद. कालचं आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर. मग एक जुनी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. भाची शेजारी बसून लाल पेनने तपासते आणि गुरुजींपेक्षा कडक तपासते. परवा तिने आम्हालाच पायथागोरसचं प्रमेय सिद्ध करायला सांगितलं. जमलं नाही. अर्धा एकर मका अजून उभा आहे, तो शुक्रवारी जुम्यानंतर सगळे मिळून सोंगणार आहोत.