ट्रॉलीचा हूक किती उंचावर?

घोडेगावच्या पूर्वेला मंचर-पारगावकडे उसाचा पट्टा, तर पश्चिमेला डिंभे ओलांडलं की तळेघर-भीमाशंकरकडे चढत जाणारा रस्ता. गळिताच्या दिवसांत पारगावच्या भीमाशंकर कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टर हंगाम सरला की त्याच हुकाला विटा नाहीतर खताची ट्रॉली लावून डोंगराकडे निघतो. ट्रॅक्टर घेताना अश्वशक्ती, हप्ता, टायर, लिफ्ट किती किलो उचलते, सगळ्याची चौकशी होते. हूक मात्र वेल्डिंगवाल्याला जमेल तिथे बसतो. विचारलंच तर एवढंच, की हा किती टन ओढेल? प्रश्न रास्त आहे, पण तो दुसरा. ओढ जमिनीपासून किती उंचीवर लागणार आणि ट्रॉलीचं वजन ट्रॅक्टरच्या कोणत्या चाकांवर पडणार, हे आधी ठरायला हवं.

पुणे-नाशिक महामार्गावरचे कंटेनरचे ट्रेलर पाहा. ट्रेलरचं पुढचं टोक ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर, ग्रीस चोपडलेल्या जाड लोखंडी ताटावर टेकलेलं असतं आणि ट्रेलरच्या पोटाखालची खीळ त्या ताटाच्या खाचेत अडकते. हे ताट मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे असतं. त्यामुळे भार दोन्ही आसांच्या मध्ये येतो आणि गाडीचं तोंड उचललं जात नाही. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात असंच ताट बसवून राहत्या घरांएवढ्या गाड्या ओढतात. ट्रॅक्टरला ही सोय नाही, कारण त्या जागी सीट आहे आणि लिफ्ट आहे. त्याचा हूक आसाच्या मागेच येणार, म्हणजे हुकावर पडलेलं प्रत्येक किलो वजन पुढची चाकं थोडी हलकी करणार.

आकडे मांडून बघू. ट्रॅक्टर २ टनांचा, त्यातले ८०० किलो पुढच्या चाकांवर. दोन आसांत २ मीटर अंतर. हूक मागच्या आसापासून ६० सेंटिमीटर मागे. दुचाकी ट्रॉलीने हुकावर ६०० किलो टाकले, तर पुढचे १८० किलो तिथेच कमी झाले. आता मागे दोन ट्रॉल्या मिळून १२ टन आणि रस्ता दहास एक चढाचा असेल, तर चाकांचा विरोध सोडूनसुद्धा १,२०० किलोची ओढ लागते. हूक जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर असला तर ही ओढ पुढचे आणखी ४८० किलो काढून घेते आणि स्टिअरिंगच्या चाकांवर जेमतेम १४० उरतात. तोच हूक ५० सेंटिमीटरवर आणला की ३२० राहतात. चढावर ट्रॅक्टर स्वतःच मागे कलतो, त्याची वजावट यात धरलेलीच नाही. लिफ्टच्या दांड्यांमधल्या भोकांच्या पट्टीला ट्रॉली अडकवून वर लिफ्ट उचलणं किंवा टॉप लिंकच्या जागेवरून ओढणं यासाठीच घातक आहे. तिथे ओढ मागच्या आसाच्या वर जाते, आणि ट्रॅक्टर क्षणात मागे उलटू शकतो.

यावर अनुभवी ड्रायव्हर म्हणतील, हूक वर घेतला की मागची चाकं दाबली जातात, चिखलात पकड येते. खरं आहे. पण ती पकड पुढच्या चाकांकडून उसनी आणलेली असते. दुचाकी ट्रॉलीचं वजन खालच्या हुकावरही मागची चाकं दाबतंच. शिवाय पुढच्या बंपरला वजनं लावली की स्टिअरिंगही हातात राहतं. दुसरी सूचना चारचाकी ट्रॉलीची. तिचा पुढचा आस फिरत्या चकतीवर असतो, दांडी बिजागरीवर वरखाली होते, म्हणून हुकावर भार जवळजवळ येत नाही. कारखान्याच्या सपाट रस्त्याला ती उत्तम. पण ओल्या सरीतून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना मागच्या चाकांना दाब मिळत नाही, आणि ती रिव्हर्स घेणं म्हणजे चांगल्या चांगल्यांची परीक्षा. घोडेगावच्या पश्चिमेला काम जास्त असेल तर एकच दुचाकी ट्रॉली, खालचा हूक आणि पुढे वजनं, अशी निवड मी करेन.

राहिला खर्चाचा मुद्दा. ट्रॉलीची दांडी हुकात अडकवायला लेथवर कातलेली साध्या लोखंडाची पिन चालते, मग कंपनीची कशाला? कारण साधी पिन मधोमध झिजते. ती बसते ते हुकाचं भोक हळूहळू लांबट होतं, गिअर बदलताना आणि ब्रेक लावताना ट्रॉली मागून ठोके देऊ लागते, आणि प्रत्येक ठोक्याला भोक आणखी वाढतं. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर सगळा रेटा त्या एका पिनेवरून ट्रॅक्टरच्या पाठीत येतो, आणि वळणावर ट्रॅक्टर तिरका असेल तर मागची चाकं बाजूला ढकलली जातात. तेव्हा डावा आणि उजवा ब्रेक पेडल पट्टीने जोडलेले नसतील तर एकच चाक धरतं आणि मामला आणखी बिघडतो. पिनेच्या खालच्या टोकाला लॉक क्लिप, दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत वेगळी साखळी आणि दुसऱ्या ट्रॉलीसाठी पहिलीच्या मागे तितकाच खाली, तितकाच जाड हूक, एवढं वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यायला एक दुपार पुरते. ट्रॉली भरण्याआधी पिन उपसून अंगठ्याने चाचपली तर झीज तिथेच कळते.